शेऱ्याचा रकाना

कोन गावच्या धनेशला कॉम्प्युटरमधलं किती कळत होतं, हे आता सांगायला हरकत नाही. निम्मं. उरलेलं निम्मं तो तोंडानं भरून काढायचा. पण दोन हजार एक साली भिवंडीत निम्मं कळणारासुद्धा देवमाणूस होता हो! कल्याणला केलेला सहा महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स, पाठीला काळी बॅग, बॅगेत स्क्रू-ड्रायव्हरचा संच, धूळ झाडायचा ब्रश आणि सीड्यांचं पाकीट. एवढ्या भांडवलावर हा तेवीस वर्षांचा गडी गोदामांच्या आणि कारखान्यांच्या ऑफिसांत 'सर' झाला होता. लोक चहा विचारायचे, पंखा त्याच्याकडे वळवायचे, आणि साहेबांचं नाक जरा वर चढायचं.

त्याचे बाबा केसरीनाथ पॉवरलूमवर जॉबर होते. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करायचा आणि कापडात दोष आला की तो कुणामुळे आला ते ठरवायचं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. दोष दिसला की केसरीनाथ आधी मागाकडे बघायचेच नाहीत. विचारायचे, "शिफ्ट कोनाची व्हती?" मग त्या कारागिराच्या नावाची खडूची खूण ताग्यावर पडायची. त्यांची एक वही होती. तारीख, वेळ, काय बिघडलं, हात कोणाचा, आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात कारागिरानं आपलं म्हणणं लिहायचं.

"त्यो रकाना वाचाचा नसतो," केसरीनाथ पोराला सांगायचे. "त्यान समदे रडतात. खरा काय ता 'हात कोनाचा' यान कळतं."

धनेशनं हे लहानपणापासून ऐकलं होतं आणि त्याला ते शंभर टक्के पटलं होतं.

आता सावळाराम शेठचं ऑफिस. शेठ आपल्यातलेच, गाववाले. वडलांच्या भातशेतीवर त्यांनी गोदामं बांधली आणि दाराशी ट्रान्सपोर्टचं ऑफिस थाटलं. ऑफिसात एक कॉम्प्युटर आणि एकच फोनलाइन. सकाळी शेठचा भाचा मनोज कॉम्प्युटरवर बिलं छापायचा. दुपारपासून रंजिता बसायची. गणेशपुरीच्या अलीकडच्या एका गावातून ती एसटीनं यायची. वडील लडकू शेती आणि मजुरी करायचे, आई गुणाबाई त्यांच्या बरोबरीनं राबायची. गावातली कॉम्प्युटरवर काम करणारी पहिली मुलगी ती, आणि लडकू ही गोष्ट एसटीत शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे.

तिचं काम साधं होतं. कुठल्या गाडीत कुठला माल गेला त्याची यादी टाइप करायची आणि दोन ते तीनच्या दरम्यान इंटरनेटवरून मुंबईच्या पार्ट्यांना पाठवायची. दोन ते तीनच का? कारण नेट लावलं की फोन बंद, आणि फोन बंद म्हणजे शेठचा जीव कासावीस. ते जेवायला घरी जायचे तेवढा एकच तास लाइन मोकळी मिळायची.

दिवाळी झाली आणि कॉम्प्युटरनं मान टाकायला सुरुवात केली. काम करता करता एकदम निळा पडदा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि मशीन ठप्प. बटण दाबून बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, आणि शेवटी यादी उशिरा फॅक्सनं धाडायची. पार्ट्यांचे फोन यायला लागले, शेठचा आवाज चढायला लागला.

धनेश आला. यायचा संध्याकाळीच, सगळी ऑफिसं उरकून. डबा उघडला तर आत लूमच्या कापसाची ही एवढी लव! "बघा, श्वासच कोंडला होता बिचाऱ्याचा," म्हणत त्यानं ब्रशनं झाडून काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा. मग तो म्हणाला लाइटचा प्रॉब्लेम, व्होल्टेज वरखाली होतंय. भिवंडीत हे कारण कुणीही डोळे मिटून मान्य करतं. स्टॅबिलायझर बसला. पुन्हा निळा पडदा. मग व्हायरस. दोन-तीन सीड्या फिरवून झाल्या. पुन्हा तेच.

रंजिता एकदा म्हणाली, "सर, तुम्ही एकदा दुपारी येऊन माझ्याशेजारी बसून बघा ना. मी काम करते, तुम्ही फक्त बघा."

"बघायचं काय त्यात?" धनेश हसला. "डॉक्टर काय पेशंटच्या घरी झोपायला जातो का?"

मनोज खो खो हसला. रंजिताही कसंनुसं हसली. धनेशला आपला विनोद आवडला होता. पुढे कितीतरी वर्षं हे वाक्य आठवलं की चारचौघांत त्याचे कान गरम व्हायचे.

शेठ एके दिवशी सरळच म्हणाले, "धनेश, तुला जमत नसंल तर सांग. कल्यानचा मानूस बोलवतो."

झालं! कल्याणचा माणूस म्हणजे गावात अब्रू गेली. त्या रात्री त्यानं डोकं खाजवलं आणि बाबांची युक्ती आठवली. दुसऱ्या दिवशी नवी कोरी वही आणून पट्टीनं रकाने आखले. तारीख, वेळ, काय झालं, हात कोणाचा, शेरा. मशीन बंद पडलं की जो बसला असेल त्यानं भरायची. पाचही रकाने जसेच्या तसे उचलले होते. शेऱ्याचा रकाना उपयोगाचा नाही हे माहीत असूनही त्यानं तो ठेवला, कारण बाबांच्या वहीत तो होता.

संक्रांतीपर्यंत वहीत एकोणीस नोंदी झाल्या. धनेशनं शेठच्या टेबलावर वही उघडली आणि चौथ्या रकान्यावरून बोट खाली नेलं. रंजिता, रंजिता, रंजिता. एकोणीसच्या एकोणीस. मनोजचं नाव एकदाही नाही.

"मशीन ठीक आहे शेठ," तो म्हणाला. "हाताचा दोष आहे."

काय तो आवाज! वकिलानं खटला जिंकावा तसा. रंजिता तिथेच उभी होती. "मी काहीच वेगळं करत नाही सर," ती म्हणाली. "मी वहीत लिहिलंय."

"अगं पण मग तुझ्याच वेळेला कसं?" शेठ म्हणाले.

तेवढ्यात मनोजनं आगाऊपणा केला. नेटवर काय काय उघडलं होतं त्याची यादी त्यानं कॉम्प्युटरवर काढली. "मामा, ह्ये बघा!" यादीत क्रिकेटचे स्कोअर होते, गाणी होती आणि सिनेमाच्या नट्यांच्या फोटोंची पानंच्या पानं होती. असले फोटो की शेठनी नजर फिरवली.

आता खरं सांगायची वेळ आली. ते फोटो धनेशनं बघितले होते. दिवाळीत एका मासिकाबरोबर फुकट तासांची इंटरनेटची सीडी आली होती. ती त्यानं याच मशीनवर चढवली आणि 'टेस्टिंग चालू आहे' असं सांगून, शेठ घरी गेल्यावर, चार संध्याकाळी एकटाच बसला होता. फुकटचे तास संपले, सीडी बॅगेत गेली, आणि तो विसरूनही गेला. यादी बघताक्षणी त्याला सगळं आठवलं.

"मी नाही हे उघडलं," रंजिता म्हणाली. तिनं धनेशकडे बघितलं, कारण त्या खोलीत कॉम्प्युटरमधलं कळणारा तोच एक होता. धनेश खाली वाकला आणि बॅगेतली एक वायर गुंडाळायला लागला. आधीच नीट गुंडाळलेली वायर त्यानं सोडली आणि पुन्हा गुंडाळली. त्याला वाटलं, फोटो माझे असले म्हणून काय, मशीन तर हीच बंद पाडते ना! माणूस स्वतःला फसवायला किती भराभर कारणं शोधतो बघा.

रंजिता दुसऱ्या दिवसापासून आली नाही. फोटोंची यादी निघाली तेव्हा तिच्या शेजारच्या गावचा टेम्पोवाला रामू ऑफिसातच बसलेला होता. त्याच्या जिभेला हाड नाही. चार दिवसांत गणेशपुरीपर्यंत बातमी पोहोचली की लडकूची पोरगी कॉम्प्युटरवर नको ते बघत होती.

इकडे मशीन झक्क चालायला लागलं. पंधरा दिवसांत एकही निळा पडदा नाही. याद्या फॅक्सनं जात होत्या, नेट लावणारं कुणी नव्हतंच, पण हे कुणाच्या डोक्यात येतंय! शेठनी धनेशची पाठ थोपटली. "बापाचा गुन उतरलाय," म्हणाले. आणि वर विचारलं, "तुझी भैन दिपाली, क्लास केलाय ना तिनं? बसव तिला." धनेशनं बसवली. नाही म्हणायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

दिपाली शिकली भराभर. फेब्रुवारीच्या शेवटी शेठ म्हणाले, फॅक्स पुरे, आता नेटवरून पाठव. पहिल्याच दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी निळा पडदा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिनं रडत रडत फोन केला. धनेश हातातलं काम टाकून भर दुपारी धावत आला.

ती जुनी वही टेबलावर होतीच. दिपालीनं तारीख, वेळ आणि बाकीचं भरलं होतं, चौथा रकाना तेवढा मोकळा ठेवला होता. "तू लिही दादा," ती म्हणाली. "माझ्याच्यानं लिहवत नाही. मी खरंच काही नाही केलं रे."

धनेशनं पेन उघडलं. 'दि' लिहिलं आणि हात थांबला. माझी बहीण असं काही करणार नाही, हे त्याला पुरावा नसताना माहीत होतं. मग त्या पोरीच्या वेळी पेन का नाही थांबलं? एकोणीस वेळा नाव वाचताना जीभ का नाही अडखळली? ती कुणाची बहीण नव्हती म्हणून? त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की दिपालीकडे वर बघवेना.

त्यानं खुर्ची ओढली. "मी शेजारी बसतो," तो म्हणाला. "तू तुझं काम कर."

तिनं यादी टाइप केली. काही झालं नाही. सेव्ह केली. काही झालं नाही. मग नेटच्या जुन्या चिन्हावर दोनदा टिचकी मारली. मोडेमनं नंबर फिरवला, किर्रर्र केलं, आणि फोन जोडला जायच्या क्षणी पडदा निळा झाला. पुन्हा चालू केलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तेच. दहा मिनिटं लागली फक्त. दहा मिनिटं!

पुढचं शोधायला अक्कल लागली नाही. दिवाळीतल्या त्या फुकट सीडीनं आपला स्वतःचा फोन लावणारा प्रोग्रॅम मशीनमध्ये घुसवला होता आणि विंडोजच्या मूळ डायल-अपच्या दोन फायली पुसून तिथे आपल्या ठेवल्या होत्या. सीडीच्या चिन्हावरून नेट लावलं तर सगळं सुरळीत, म्हणून धनेशच्या चार संध्याकाळी मजेत गेल्या. शेठच्या जुन्या चिन्हावरून लावलं की दोन्ही प्रोग्रॅम एकाच मोडेमवर झडप घालायचे आणि मशीन कोसळायचं. जुनं चिन्ह वापरणारी एकटी रंजिता. हात धनेशचाच होता. त्यानं सीडीचा प्रोग्रॅम काढून टाकला, डायल-अप पुन्हा बसवलं, मशीन बंद-चालू केलं. अर्ध्या तासात मेल गेला.

शेठ जेवून आले. "काय झालेला?"

"लाइटचा प्रॉब्लेम," धनेश म्हणाला. तोंडातून आपोआप गेलं. गेल्यावर त्याला शिसारी आली, पण शब्द मागे घेतला नाही.

शेठ आत गेल्यावर दिपालीनं वही त्याच्यापुढे सरकवली. "दादा, हे वाचलंस तू?"

तिचं बोट शेवटच्या रकान्यावर होतं. शेरा. रंजिताचं बारीक, गोल अक्षर. पहिल्या नोंदीपुढे 'इंटरनेट लावल्याबरोबर बंद पडले.' दुसरीपुढे तेच. तिसरीपुढे 'यादी टाइप करताना चालते, नेट लावले की बंद पडते.' सातवीपुढे 'सरांनी दिवाळीत नवीन चिन्ह टाकले त्यानंतर सुरू झाले, कृपया बघावे.' एकोणिसावीपुढे 'मी कंटाळले नाही, पण कुणी वाचत नाही असे वाटते.'

धनेशनं वही मिटली. उत्तर त्याच्याच वहीत होतं, त्यानंच आखलेल्या रकान्यात, आणि ते वाचायचं नसतं असं त्याला शिकवलेलं होतं.

घरी त्यानं बाबांना सगळं सांगितलं, फोटोंसकट. केसरीनाथ गुडघ्यावर हात चोळत राहिले. "मीपन कधी वाचला न्हाय," ते शेवटी म्हणाले. "तीस वरसात एकदापन न्हाय." आणि उठून मागच्या दारी गेले. बापाला एवढं म्हातारं झालेलं धनेशनं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेठसमोर, मनोजच्या देखत खरं सांगितलं. वाटलं, शेठ हाकलतील, आईबहिणीवरून बोलतील. कसलं काय! शेठ हसले. "अरे, एवढाच ना? सुटला ना प्रॉब्लेम? ती गेली, तुझी भैन आली, काम चालू हाय. जाऊ दे ना." मनोज म्हणाला, "फोटो तुझे होय रे, छुपा रुस्तम!" आणि त्याच्या पाठीत थाप मारली. शिव्या पडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इथे एका मुलीचं नाव मातीत गेलं होतं आणि यांना तो गमतीचा किस्सा होता. तिथेच त्यानं ठरवलं. ऑफिसचा एक कोरा कागद मागून घेतला आणि सगळं लिहून काढलं.

रविवारी तो एसटीनं गेला. लडकूंचं घर रस्त्यापासून आत होतं. भात केव्हाच निघालं होतं, खाचरांत वाल उभा होता. ओटीवर गुणाबाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. "कॉम्प्युटरवाला धनेश," असं नाव सांगताच बाई लगबगीनं उठल्या, लुगड्याला हात पुसले, आतून पाट आणला, पाणी दिलं.

"साहेब, तुमी यवढ्या लांब आलात," त्या म्हणाल्या, आणि त्याला काही बोलू न देता हात जोडले. "पोरीच्या हातून काय वंगाळ झाला आसंल तर माफ करा. पोर वाईट न्हाय वो. तिला परत घ्या कामाला. दोन महिनं व्हत आलं, घराभायेर पडत न्हाय. सोयरीक आलती, तीपन माघारी गेली."

आपल्या आईच्या वयाची बाई आपल्यापुढे हात जोडून उभी आहे आणि माफी मागते आहे! धनेशला वाटलं, पाटासकट जमिनीत जावं. लडकू गोठ्याकडून आले आणि समोर टेकले. धनेशनं खिशातून कागद काढला.

"मला लिहून आणावं लागलं, बोलता आलं नसतं," तो म्हणाला. "वाचतो." आणि वाचलं. 'कॉम्प्युटर रंजिताच्या हातून बिघडला नव्हता. तो मी टाकलेल्या प्रोग्रॅममुळे बिघडला. तिनं दोष बरोबर ओळखून एकोणीस वेळा लिहून ठेवला होता. मी वाचला नाही. नेटवरचे फोटो तिनं बघितले नव्हते, मी बघितले होते. ते मला त्या दिवशीही माहीत होतं, तरी मी गप्प बसलो. धनेश केसरीनाथ, कोन.'

लडकूंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटासुलटा बघितला आणि परत दिला. "म्हंजी तिचा हात न्हाय."

"नाही. माझा."

लडकू उठून अंगणात गेले. "राहीबाय!" त्यांनी शेजारी हाक मारली. "कमळे, तूपन ये. समदी या." पाच-सहा बाया आणि दोन म्हातारे जमले. लडकू धनेशकडे वळले. "आता परत वाचा."

त्यानं परत वाचलं. कान जळत होते. तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा रामूचा टेम्पो लडकूंनी हात करून थांबवला आणि त्याला खाली उतरवला. "आता याच्यासाठी वाचा."

तिसऱ्यांदा वाचायला त्यानं कागद वर धरला तर दाराच्या चौकटीत रंजिता उभी होती. वाळली होती. केव्हापासून ऐकत होती कोण जाणे. त्यानं वाचून संपवलं आणि मान वर न करता म्हणाला, "तुझा शेरा मी वाचला. खूप उशिरा वाचला. चुकलो मी."

रंजिता म्हणाली, "सर, फोटोंचं वाक्य तुम्ही तिन्ही वेळा हळू वाचलंत."

खरं होतं ते. त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. अंगणातले सगळे वाट बघत होते, रामूसुद्धा. धनेश पाटावरून उठून उभा राहिला, कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि तेवढंच वाक्य रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पुन्हा वाचलं.